मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती आणि हिशेब कसा करायचा

तिकिटावर लिहिलेले असते: मुंबईहून रात्री १:३० ला सुटणार, न्यूयॉर्कला सकाळी ७:०० ला पोहोचणार, तारीख तीच. पहिल्यांदा निघालेला माणूस ते वाचून म्हणतो, साडेपाच तासांत अमेरिका! अमेरिकेतला मुलगा सांगतो, सोळा तास. आणि जाऊन आलेले शेजारी सांगतात, घरातून निघाल्यापासून सव्वा दिवस धरा. तिघांचेही बोलणे खरे आहे, फक्त तिघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत. तिकिटावर दोन शहरांतली घड्याळे असतात, मुलगा विमानातला वेळ सांगतो आणि शेजारी अंगावर पडलेला प्रवास सांगतात.

हा लेख पहिल्यांदा निघालेल्यांसाठी आहे, आणि आईवडिलांचे तिकीट काढणाऱ्या मुलामुलींसाठीही. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचे घेतले आहे, कारण महाराष्ट्रातून न्यू जर्सी–न्यूयॉर्ककडे जाणारी घरे खूप आहेत. रीत मात्र कुठल्याही दोन दूरच्या विमानतळांना लागू पडते. उड्डाणांच्या वेळा इथे नमुन्यादाखल घेतल्या आहेत. त्यांच्या जागी तुमच्या तिकिटावरच्या वेळा घाला.

पहिली पायरी: नेमके कुठून, नेमके कुठे

‘मुंबई’ आणि ‘न्यूयॉर्क’ एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी संकेत असतो आणि तिकिटावर तोच पाहायचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा संकेत बीओएम. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके. न्यूयॉर्कसाठीच वापरला जाणारा नेवार्क विमानतळ मात्र न्यू जर्सीत आहे, त्याचा संकेत ईडब्ल्यूआर. मुंबईपासूनच्या अंतरात या दोघांमुळे काहीच फरक पडत नाही, पण उतरल्यावर पडतो. मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत असेल तर नेवार्क सोयीचे. केनेडीवर उतरलात तर न्यूयॉर्कची सगळी वाहतूक ओलांडून न्यू जर्सीत यावे लागते.

मुंबईच्या बाजूलाही आता जपावे लागते. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. नागपूरहून किंवा गोव्याहून देशांतर्गत विमानाने नवी मुंबईला उतरायचे आणि अमेरिकेचे विमान मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या, म्हणजे सहारच्या, टर्मिनल २ वरून पकडायचे, असे तिकीट निघू शकते. मग मधले अंतर सामानासकट टॅक्सीने, मुंबईच्या रहदारीतून. मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ सुद्धा एकमेकांना चिकटून नाहीत. म्हणून संकेत आणि टर्मिनल, दोन्ही वाचून मगच पुढे जा.

दुसरी पायरी: अंतर काढा, पण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून नको

शाळेतल्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडली तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक ओलांडून जाते. या मार्गाने खरोखर गेले तर सुमारे १४,२०० किलोमीटर होतात. प्रत्यक्षातले सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. नकाशावरची सरळ रेघ साडेसोळाशे किलोमीटरहून जास्त लांबची निघते, कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट.

हे पटवून घ्यायचे असेल तर घरातला पृथ्वीगोल काढा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरा, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. दोरा पश्चिमेला न जाता आधी वर, उत्तर-वायव्येला सरकेल. कच्छचे रण, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, सेंट पीटर्सबर्गच्या बाजूने नॉर्वेत, तिथून आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर, अमेरिकेतले मेन राज्य आणि न्यूयॉर्क. वाटेत हा मार्ग जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. मुंबई १९ अंशांवर आणि न्यूयॉर्क साडेचाळीसच्या आसपास. तरी वाट आइसलँडवरून. आईला खिडकीतून बर्फ दिसले आणि विमान रस्ता चुकले की काय अशी धास्ती वाटली, तर तिला या दोऱ्याची आठवण द्या. लहान नातवंडे घरात असतील तर हा प्रयोग त्यांच्याकडून करवून घ्या, पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहतो.

गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला ग्रेट सर्कल मार्ग म्हणतात. आकडा हवा असेल तर ‘ग्रेट सर्कल मॅपर’ या संकेतस्थळावर दोन्ही विमानतळांचे संकेत घाला, अंतर आणि वाट दोन्ही मिळतात. हाताने करून पाहण्याची हौस असणाऱ्यांसाठी रीत अशी. दोन्ही ठिकाणचे अक्षांश घ्या (मुंबई १९.०९, न्यूयॉर्क ४०.६४) आणि रेखांशांतला फरक घ्या (७२.८७ पूर्व आणि ७३.७८ पश्चिम, म्हणून बेरीज १४६.६५). दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचे कोसाइन यांचा गुणाकार करा. दोन्ही उत्तरे मिळवा, उणे ०.३८६ येईल. त्याचे उलट कोसाइन काढले की ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून ११२.७ गुणिले १११.२, १२,५३२ किलोमीटर. दहावी-अकरावीचे गणित आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर हे होते.

एककांत फसू नका. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात, एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. अमेरिकी साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. मुंबई–न्यूयॉर्क कुणी ७,८०० सांगेल, कुणी ६,७७० सांगेल आणि कुणी १२,५३०. तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत.

तिसरी पायरी: अंतरावरून तास

लांब पल्ल्याचे प्रवासी विमान स्थिर हवेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, वाटही थोडी वाकडी होते. म्हणून ढोबळ हिशेबाला ताशी ८५० धरा आणि वर अर्धा तास घाला. १२,५३० भागिले ८५०, पावणेपंधरा तास. अर्धा तास मिळवून सव्वापंधरा. थेट विमानाच्या वेळापत्रकात जाताना पंधरा-सोळा तास दिसतात, म्हणजे अंदाज जागेवर आहे.

वेळापत्रकातले तास हे नुसते हवेतले नसतात. विमान गेटवरून हलते तिथपासून पलीकडच्या गेटला लागते तिथपर्यंत ते मोजतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि विमानांना रांगेत थांबावे लागते. केनेडीवर उतरल्यावरही गेटपर्यंत सरपटत जाण्यात बराच वेळ जातो. ‘पंधरा तासांचे विमान चौदा तास वीस मिनिटांत आले’ असे कुणी सांगितले तर ते बहुधा फक्त हवेतला वेळ सांगत असतात.

चौथी पायरी: वाऱ्याचा हिशेब

जाताना पंधरा-सोळा तास आणि येताना त्याहून दीड-दोन तास कमी, असे का? अंतर तर तेच. पृथ्वी खालून फिरते म्हणून, असे उत्तर पुष्कळ जण देतात. ते चूक आहे. हवा पृथ्वीबरोबरच फिरते. खरे कारण वारा आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमाने उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. तिथे ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा नेहमीचा, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर.

एक सोपा हिशेब करून पाहू. संपूर्ण प्रवासात सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून लागला तर विमान जमिनीच्या मापाने ताशी ८४० ने जाते. तोच वारा परतीला पाठीमागून मिळाला तर ९६० ने येते. १२,५३० किलोमीटरला पहिल्या वेगाने जवळपास पंधरा तास, दुसऱ्या वेगाने तेरा. एवढ्याशा वाऱ्याने दोन तासांचा फरक पडला.

या बाबतीत दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिकवरून जायचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशा बदलली आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाले आणि वेळ मात्र सुमारे दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला, कारण वारा पाठीशी होता. लांबची वाट लवकर पोहोचवते, हे नव्या प्रवाशाला सांगून पटत नाही. म्हणून तिकिटांची तुलना करताना किलोमीटर पाहू नका, तास पाहा.

आणखी एक. वारा रोज बदलतो, त्यामुळे वाटही रोज नव्याने आखली जाते. आज विमान आइसलँडवरून गेले म्हणून उद्याही तिथूनच जाईल असे नाही.

पाचवी पायरी: कुठले आकाश बंद आहे ते पाहा

दोऱ्याने दाखवलेली वाट पाकिस्तान आणि रशियावरून जाते, हे लक्षात आले असेलच. कागदावरचे अंतर आणि विमानाने कापलेले अंतर यांत सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती जुलैच्या मध्यापर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद झाली आणि बंदी महिन्यामहिन्याने वाढत गेली. मुंबईचे विमान अशा वेळी अरबी समुद्रावरून वळसा घेते. दिल्लीला त्याची झळ जास्त बसते, कारण तिथून पश्चिमेकडची वाट थेट पाकिस्तानवरूनच आहे. बंदीनंतर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही उड्डाणे इंधनासाठी व्हिएन्नात उतरू लागली. थेट म्हणून घेतलेल्या तिकिटात एक थांबा आला, आणि प्रवासी विमानातच बसून.

रशियाचे उलट आहे. २०२२ पासून अमेरिकेच्या आणि युरोपीय संघातल्या विमान कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, भारतीय कंपन्यांना येते. त्यामुळे एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांचे तास वेगळे दिसतात. आखातातही अशा गोष्टी अचानक घडतात. २३ जून २०२५ ला कतारने काही तास हवाई हद्द बंद ठेवली, तेव्हा दोहामार्गे जाणारे प्रवासी जगभर अडकले.

म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या नातेवाइकांचे तास प्रमाण मानू नका. ‘फ्लाइटरडार२४’ किंवा ‘फ्लाइटअवेअर’ वर तुमच्या उड्डाणाचा क्रमांक घालून गेल्या आठवडाभरात ते प्रत्यक्षात किती तासांत पोहोचले ते पाहा. वेळापत्रकापेक्षा हे जास्त भरवशाचे. थेट सेवा सध्या चालू आहे ना, तेही तिथेच कळते.

सहावी पायरी: दोन घड्याळे एकाच घड्याळात आणा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे सावकाश.

भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असते, बारा महिने. न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे आणि उन्हाळ्यात ४ तास मागे, कारण तिथे घड्याळे बदलतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे. म्हणजे आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेनऊचा. ऑक्टोबरात जाऊन डिसेंबरात परतणाऱ्याला जाताना एक आकडा लागतो आणि येताना दुसरा.

तोंडी करण्याची युक्ती अशी. हिवाळ्यात भारताच्या वेळेत दीड तास मिळवा आणि सकाळची रात्र, रात्रीची सकाळ करा. भारतात रात्रीचे ९ म्हणजे तिकडे सकाळचे साडेदहा. उन्हाळ्यात दीडच्या जागी अडीच तास मिळवा. रात्रीच्या ९ ला तिकडे सकाळचे साडेअकरा. भारतात सकाळी साडेदहाच्या आत असाल तर हिवाळ्यात तिकडे आदली तारीख असते, उन्हाळ्यात हीच सीमा साडेनऊची.

आता तिकीट सोडवू. १० जानेवारीला मुंबईहून रात्री १:३०, न्यूयॉर्कला १० जानेवारीलाच सकाळी ७:००. पोहोचण्याची वेळ भारतीय घड्याळात आणा: ७:०० अधिक १०:३०, संध्याकाळचे ५:३०. रात्री १:३० पासून संध्याकाळी ५:३० पर्यंत सोळा तास. हा विमानातला खरा वेळ.

परतीचे करू. न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला निघाले, म्हणजे भारतात रात्रीचे १०. साडेचौदा तासांचा प्रवास धरला तर मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा. तिकिटावर शेजारी ‘+१’ असे लिहिलेले दिसेल, त्याचा अर्थ पुढची तारीख. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला तारीख कळवताना हा ‘+१’ विसरू नका.

आणि आता या लेखातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य: १० तारखेच्या रात्री दीडचे विमान म्हणजे ९ तारखेलाच घर सोडायचे. १० तारखेच्या रात्री विमानतळावर गेलात तर विमान जवळपास एक दिवस आधीच गेलेले असेल. घरातल्या कॅलेंडरवर १० ला गोल करू नका, ९ ला करा आणि शेजारी लिहा, ‘रात्री जेवून नाही, दुपारीच निघायचे’.

घड्याळे जुळवताना एक सुंदर गोष्ट लक्षात येते. जानेवारीत मुंबईला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. त्या रात्री दीडला निघालेले विमान अंधारातच मॉस्कोच्या बाजूने, अंधारातच आइसलँडवरून जाते, आणि न्यूयॉर्कला उतरते तेव्हाही सूर्य उगवायला वीस मिनिटे असतात. एकाच माणसाच्या वाट्याला सलग साडेतेवीस तासांची रात्र येते. झोप लागत नसेल तर काळजी करू नका, अशा रात्रीची सवय कुणाच्याच अंगाला नसते.

सातवी पायरी: मध्ये थांबा असेल तर

थेट विमान महाग वाटले तर बहुतेक जण आखातातून किंवा युरोपातून जातात. वाट किती वाढते? दुबईमार्गे मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,००० किलोमीटर, एकूण १२,९३०. म्हणजे फक्त ४०० किलोमीटर जास्त. लंडनमार्गे ७,२१० अधिक ५,५४०, साधारण १२,७५०, वाढ २२० ची. दोन्ही शहरे जवळजवळ वाटेवरच आहेत. उलट सिंगापूरमार्गे कुणी स्वस्त तिकीट दाखवले तर मुंबई–सिंगापूर ३,९०० आणि सिंगापूर–न्यूयॉर्क १५,३४९, मिळून १९,००० च्या वर. सिंगापूर–न्यूयॉर्क ही जगातली सर्वांत लांब नियमित उड्डाणांपैकी एक, एकटीच अठरा तासांहून अधिक. थोड्या पैशांसाठी वयस्कर माणसांना असे फिरवू नका.

थांब्याच्या तिकिटात तास वाढतात ते अंतरामुळे नाही, बसून राहण्यामुळे. माझ्या मते दोन तासांहून कमी थांबा घेऊच नये, ज्येष्ठांसाठी तीन-चार तास बरे. पाय मोकळे होतात, पहिले विमान उशिरा आले तरी दुसरे चुकत नाही. आठ-दहा तासांचा थांबा मात्र टाळा. खुर्चीत अवघडून काढलेली ती रात्र विमानातल्या रात्रीपेक्षा जड जाते.

दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटात, एकाच पीएनआरवर असू द्या. वेगवेगळी तिकिटे जोडली तर पहिले विमान उशिरा आल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही, आणि सामानही मध्येच काढून पुन्हा द्यावे लागू शकते. ज्या देशात थांबता तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

पुढे अमेरिकेतच दुसरे विमान धरायचे असेल, म्हणजे न्यूयॉर्कहून शार्लट किंवा डॅलसला, तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन होते, बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलाव्या लागतात, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. बॅगेवर शेवटच्या गावाची पट्टी लावलेली असली तरीही. इथे तीन तासांपेक्षा कमी थांबा ठेवू नये. अबुधाबीचे वेगळे आहे: तिथे अमेरिकेचे इमिग्रेशन विमानात बसण्यापूर्वीच होते, २०१४ पासून. तिथला थांबा मोठा ठेवा, मग अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता येते.

आठवी पायरी: घर ते घर

पुण्याहून निघणाऱ्या कुटुंबाचा हिशेब मांडतो. विमान १० जानेवारीच्या रात्री १:३० चे. विमानतळावर चार तास आधी, ९ ला रात्री ९:३० पर्यंत पोहोचायचे. पुणे ते सहार सुमारे दीडशे किलोमीटर. घाटातली कोंडी आणि मुंबईतली संध्याकाळ धरून पाच तास ठेवा, दुपारी ४:३० ला निघा. चेक-इनचा काउंटर साधारण उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो, काही कंपन्या त्याआधीच बंद करतात, आणि तो बंद झाल्यावर विनवण्या उपयोगी पडत नाहीत.

सकाळी ७ ला केनेडीवर. इमिग्रेशनची रांग आणि बॅगा, दोन तास. ९ ला बाहेर, पावणेअकराला एडिसनच्या घरी. भारतात तेव्हा १० तारखेच्या रात्रीचे सव्वानऊ. घर ते घर २८ तास ४५ मिनिटे, त्यांतले सोळा विमानात. आईवडिलांना हा मोठा आकडा आधीच सांगा. सोळा तासांची तयारी केलेल्या माणसाला शेवटचे बारा तास फार थकवतात.

कोल्हापूर, सांगली, नांदेडकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी मुंबईत येऊन रात्र काढावी. चालायला त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत नोंदवा. पैसे पडत नाहीत, लांबचे कॉरिडॉर चालावे लागत नाहीत, आणि इंग्रजीची भीती असणाऱ्याला रांगेत सोबत मिळते. यात संकोच करण्यासारखे काहीच नाही.

औषधांचे तास

अंतर आणि वेळ यांचा खरा परिणाम शरीरावर होतो, म्हणून हे वेगळे लिहितो. हिवाळ्यात न्यूयॉर्कला जाणाऱ्याचा तो दिवस २४ तासांचा नसतो, ३४ तास ३० मिनिटांचा असतो. परतीचा दिवस १३ तास ३० मिनिटांचा. ‘रोज रात्री ९ ला’ घ्यायची गोळी कुठल्या ९ ला घ्यायची? मधुमेहाचे इन्सुलिन, रक्त पातळ ठेवण्याची औषधे, फिट्सची औषधे यांच्याबाबत घरच्या घरी निर्णय घेऊ नका. तिकिटाच्या वेळा कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्याकडूनच वेळापत्रक लिहून घ्या. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हँडबॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. प्रवासभर एक मनगटी घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवा, गोळ्यांचा हिशेब त्यावर चालतो. दर दोन-अडीच तासांनी उठून चार पावले चाला, पाणी प्या.

पोहोचल्यावर अंगातले घड्याळ हळूहळू सरकते, साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस असा अनुभव येतो. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि ते शरीराला सोपे जाते. भारतात परतल्यावरचा त्रास बहुतेकांना जास्त होतो. म्हणून परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी लग्न, सत्यनारायण किंवा बँकेची कामे ठरवू नका.

निघण्यापूर्वी एकच कागद

एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: घर सोडण्याची तारीख-वेळ, विमान सुटण्याची वेळ, थांब्याच्या ठिकाणी उतरण्याची आणि पुन्हा निघण्याची वेळ, शेवटी पोहोचण्याची वेळ. प्रत्येकीपुढे दोन रकाने, तिथली वेळ आणि भारताची वेळ. खाली उड्डाणांचे क्रमांक, विमानतळांचे संकेत, घ्यायला येणाऱ्याचा फोन. एक प्रत पासपोर्टसोबत, एक घरी, एक अमेरिकेत.

अमेरिकेत घ्यायला जाणाऱ्यांनी वेळापत्रकावर घर सोडू नये. फ्लाइट ट्रॅकरवर विमान ग्रीनलंडच्या टोकाशी आले की अजून साधारण चार तास आहेत. ते खाली उतरल्याचे दिसले की निघा. एडिसनहून केनेडीला जायला जो दीड-पावणेदोन तास लागतो, साधारण तेवढाच आतल्यांना इमिग्रेशन आणि बॅगांना लागतो. पार्किंगचे पैसे वाचतात, आणि आईबाबा बाहेर येतील तेव्हा तुम्ही दाराशी असता.